निसवलं म्हणजे पिकलं नाही

आमच्या घरात इंग्रजी वाचणारी चार माणसं आहेत आणि चौघांचं वाचणं चार तऱ्हेचं आहे. बायको शाळेची पायरी चढलेली नाही, पण बिस्किटाचा पुडा, चहाची पुडी, बीपीच्या गोळ्यांची पट्टी ती बिनचूक काढून देते. मी दहावी झालेला. दुकानाची पाटी, खताची गोण, विजेचं बिल एवढं वाचतो. सून डी.एड. झालेली, शाळेत शिकवते, ती सगळं वाचते. आणि नात चौथीत, इंग्रजी माध्यमात, तोंडातून लोकल सुटावी तशी भरभर वाचते. या चौघांना एका ओळीत उभं केलं तर माणूस परकी भाषा वाचायला कसा शिकतो, त्याच्या सगळ्या पायऱ्या दिसतात. फक्त कोण कुठल्या पायरीवर उभं आहे ते वरवर पाहून कळत नाही. नातीच्या बाबतीत आमच्या घराची मोठी गल्लत होत होती, म्हणून हे लिहायला घेतलं.

पहिली पायरी बायकोची. ती वाचत नाही, ओळखते. पुड्याचा रंग, त्यावरचं चित्र, अक्षरांचा एकंदर आकार असं सगळं मिळून तिच्या डोक्यात एक ठसा असतो. कंपनीनं पुड्याचा रंग बदलला की ती अडते. हे हसण्यासारखं नाही. नात अडीच वर्षांची असताना दुकानात बोट दाखवून "पार्ले" म्हणायची, तेव्हा आम्ही सगळ्यांना सांगत सुटलो होतो की पोर वाचायला लागली. तीसुद्धा अक्षर वाचत नव्हती, पुडा ओळखत होती. तरी ही पायरी खोटी नव्हे. कागदावरच्या खुणेला काही अर्थ असतो, हे इथंच पहिल्यांदा कळतं. सरकारनंही ही पायरी मानली आहे. कीटकनाशकाच्या डब्यावर रंगीत त्रिकोण असतो, तो याच माणसांसाठी. लाल म्हणजे सगळ्यांत जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. एकही अक्षर न वाचता शेतकरी शहाणा होतो.

दुसरी पायरी अक्षराची आणि आवाजाची. आमच्या वेळी मराठी शाळेत इंग्रजी पाचवीपासून असायचं. (पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० सालापासून.) तोवर आम्ही मराठी वाचायला शिकलो होतो, आणि मराठीचा व्यवहार सरळ आहे. क हा कुठंही गेला तरी क. नाव क, आवाजही क. बाराखडी पाठ झाली की समजो न समजो, पोर कुठलाही मराठी कागद वाचून दाखवतं. इंग्रजीत तसं नाही. अक्षराचं नाव एक, आवाज दुसरा. "सी"चा आवाज कधी क, कधी स. "बी यू टी" बट आणि "पी यू टी" पुट. आम्ही आवाज शिकलोच नाही, नावं घोकली. "सी ए टी कॅट, कॅट म्हणजे मांजर" असं चाळीस पोरं एका सुरात ओरडायची. पण सी, ए आणि टी यांच्यातून कॅट कसं निघालं हे कुणी विचारलं नाही. पाटीवर अंडं ठेवलं आणि टोपली उचलली तर कोंबडी निघाली, तसला तो प्रकार. आता शाळेत आधी आवाज शिकवतात, ते बरं आहे. नातीला क-ॲ-ट असं जोडून दाखवलं, तिला आठवड्यात जमलं.

यात आमच्या आगरी पोरांची आणखी एक अडचण असायची. आमच्या बोलीत ळ नाही आणि ण नाही. घरी "पानी", शाळेत "पाणी". घरी "काला", शाळेत "काळा". म्हणजे मराठी वाचतानाच आम्ही एक पायरी जास्त चढत होतो. पुस्तकाची मराठी ही आमच्यासाठी अर्धी परकी भाषाच होती. गुरुजी ळ साठी कान पिळायचे. पुढं गंमत अशी झाली की स्टेशनवर नेरुळची पाटी लागली, तिच्यावर मराठीत "नेरुळ" आणि खाली इंग्रजीत एन ई आर यू एल. इंग्रजीत ळ साठी अक्षरच नाही! म्हणजे साहेबाची पाटी आमच्या आजीसारखीच "नेरूल" म्हणते. मला त्या दिवशी फार बरं वाटलं.

त्या पाट्यांनीच मला वाचायला शिकवलं, शाळेनं नव्हे. १९७६ साली मी दहावी पास झालो. इंग्रजीत पासापुरते मार्क होते, ते पाठांतराचे. पेपरात पुस्तकाबाहेरचा उतारा यायचा, तो मला झाडासारखा दिसायचा. पानं दिसायची, पण झाड कशाचं ते कळायचं नाही. सिडको १९७० साली स्थापन झाली, ठाणे, पनवेल, उरण या तालुक्यांतली ९५ गावं नव्या शहराच्या आराखड्यात आली, त्यात आमचंही. भाताच्या खाचरांवर रस्ते आले आणि रस्त्यांवर पाट्या. सेक्टर, प्लॉट, फेज. १९९२ साली खाडीवरच्या पुलावरून वाशीला लोकल आली, आणि स्टेशनवर एकच नाव मराठीत, हिंदीत आणि इंग्रजीत लिहिलेलं. माझ्यासाठी ते उघडं पुस्तक होतं. गावाचं नाव मला ठाऊक होतं. आवाज ठाऊक होता. फक्त कुठल्या आवाजाला कुठलं अक्षर लावलंय ते बघायचं. एकेका स्टेशनानं मला दोन-दोन अक्षरं पक्की करून दिली.

तसंच खताच्या गोणीचं. खाडीपलीकडच्या चेंबूरच्या कारखान्याची सुफला, तिच्यावर १५:१५:१५. एन, पी, के ही तीन अक्षरं म्हणजे नत्र, स्फुरद, पालाश हे मला आधी माहीत होतं, वाचता नंतर आलं. युरियाच्या गोणीवर ४६ आणि त्यापुढं एन. वस्तू आधी, शब्द मागून. ज्याचा अर्थ आधीच पदरात आहे ते वाचायला सोपं जातं, हे मी गोणीवरून शिकलो.

आता नातीची गोष्ट.

गेल्या वर्षी पावसाळ्यात ती ओट्यावर बसून धडा वाचत होती. बायको माझ्याकडं बघून म्हणाली, "कवरं भरभर वाचतं पोर!" तिच्या प्रगतिपुस्तकातही वाचनापुढं उत्तम असा शेरा होता. धडा शेतीचा होता. एक वाक्य माझ्या कानावर पडलं, "द फार्मर ट्रान्सप्लांट्स द सीडलिंग्ज." खडखडीत, कुठं अडखळली नाही. मी सहज विचारलं, "म्हंजे काय गं?"

ती थांबली. परत वाचलं. मग म्हणाली, "मना ठाव नाय, आजा."

आदल्याच रविवारी ही पोर माझ्याबरोबर शेतावर होती. शहराच्या हद्दीबाहेर आमचा एक तुकडा राहिला आहे, तिथं अजून भात होतो. गुडघाभर चिखलात उभी राहून तिनं रोपांच्या जुड्या बायकांना नेऊन दिल्या होत्या. सून आतून म्हणाली, "अगं, सीडलिंग्ज म्हणजे रोपं. राबातून काढून खाचरात लावतात ना आपण?"

पोर एकदम उसळली. "म्हंजे आवनी! मंग तसा सांग ना!"

मी त्या दिवशी नीट विचार केला. पोरीला अक्षरं येतात. अक्षरांचा आवाज येतो. आवनी काय असते ते तर पुस्तक लिहिणाऱ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मग काय नव्हतं? दोहोंच्या मधला साकव नव्हता. अलीकडं शब्द, पलीकडं वस्तू, मध्ये ओढा.

सुनेनं मला ते शिक्षकाच्या भाषेत समजावलं. ती म्हणाली, "बाबा, इंग्रजांच्या घरातलं पोर सहाव्या वर्षी शाळेत जातं तेव्हा त्याच्या कानात काही हजार शब्द आधीच असतात. ते अक्षरं जोडून एखाद्या शब्दाचा आवाज काढतं आणि लगेच म्हणतं, हां, हा तर मला माहीत आहे. आपलं पोर तोच आवाज काढतं, पण तो आवाज त्यानं कधी ऐकलेलाच नसतो. आवाज निघतो आणि हवेत जातो." हार्वर्ड विद्यापीठातल्या जीन चॉल नावाच्या बाईंनी १९८३ साली वाचनाच्या पायऱ्यांवर पुस्तक लिहिलं, त्याचा तिनं उल्लेख केला. त्या बाईंच्या हिशेबात साधारण सहा-सात वर्षांपर्यंत पोर अक्षर फोडायला शिकतं, सात-आठपर्यंत ते वाचणं सराईत होतं, आणि नवव्या वर्षाच्या आसपास कूस बदलते. तोवर पोर वाचायला शिकत असतं, तिथून पुढं वाचून शिकायला लागतं. इतिहास, विज्ञान, भूगोल सगळं वाचूनच शिकायचं. चौथीच्या सुमाराला बरीच पोरं अचानक मागं पडताना त्यांना दिसली, खासकरून गरिबांची. कारण आतापर्यंत धड्यातले शब्द ओळखीचे होते, आता ते अनोळखी येऊ लागतात.

आणि हे ज्यांची घरची भाषा इंग्रजी आहे त्यांचं. ज्यांच्या घरात इंग्रजी फक्त दप्तरातून येते, त्यांचं काय?

मला भाताची रीत ठाऊक, म्हणून मी ते भातावर लावून पाहिलं. राबात बी रुजतं, आवनी होते, फुटवे येतात, भात पोटरीत येतं, मग निसवतं. लोंबी बाहेर आली की बांधावरून जाणारा म्हणतो, वा, पीक आलं! पण शेतकरी तेव्हाच जास्त धास्तावलेला असतो. दाणा अजून भरायचाय. त्या आठ-पंधरा दिवसांत पाणी तुटलं तर लोंबी तशीच ताठ उभी राहते, लांबून दिसायला छान, आणि हातात चुरगळली की नुसतं फोल. नातीचं वाचणं निसवलेलं होतं. आम्ही, शाळेनं, सगळ्यांनी त्याला पिकलेलं समजून टाळ्या वाजवल्या होत्या.

हे एका घरापुरतं नाही. 'प्रथम' या संस्थेकडून २००५ पासून गावोगावी घरात जाऊन पोरांचं वाचन तपासलं जातं, त्याला असर म्हणतात. त्यात इंग्रजीची तपासणी पायरीपायरीनं असते. मोठी अक्षरं, मग लहान अक्षरं, मग सोपे शब्द, मग सोपी वाक्यं. आणि ज्याला शब्द किंवा वाक्य वाचता आलं त्याला पुढं विचारतात, याचा अर्थ सांग. मला ती शेवटची विचारणा सगळ्यांत शहाणपणाची वाटते, कारण वाचता येणं आणि कळणं ही दोन वेगळी मापं आहेत हे त्यात मान्य केलेलं आहे. २०२१ मध्ये केंद्र सरकारनं निपुण भारत म्हणून मोहीम काढली, तिचंही म्हणणं तेच, की तिसरी संपेपर्यंत पोराला समजून वाचता आलं पाहिजे. नुसतं वाचता आलं पाहिजे असं नाही म्हटलेलं.

सून म्हणते, वाचनात अक्षर फोडणं आणि भाषा कळणं यांची बेरीज होत नाही, गुणाकार होतो. एक बाजू शून्य असली की दुसरी शंभर असून उत्तर शून्य. हा हिशेब मला पटला. आमच्या आजूबाजूच्या गावांतली किती पोरं मी बघितली. साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला, हातात पैसा आला, बापानं हौसेनं महागड्या इंग्रजी शाळेत घातलं. पाचवीपर्यंत पोर फाडफाड वाचायचं. सातवी-आठवीला विज्ञानाचं पुस्तक हातात आलं आणि म्हणायला लागलं, डोक्यात जात नाय. लोक म्हणाले पोर ढ आहे, पोरालाही ते खरं वाटलं. त्याची लोंबी भरली नव्हती, एवढंच. पण ते चौथीत कुणी हातात घेऊन चुरगळून पाहिलं नाही, कारण वाचताना ते अडखळत नव्हतं. अडखळणारं पोर एका अर्थी नशीबवान. त्याच्याकडं कुणीतरी बघतं तरी.

मग आम्ही काय केलं? पोरीला इंग्रजी शाळेतून काढलं नाही. आमच्या गावाला शहरानं चारी बाजूंनी वेढलंय, इथं इंग्रजीशिवाय चालत नाही हे मला कळतं. आम्ही उलट्या बाजूनं साकव बांधायला घेतला.

धडा वाचायच्या आधी सून तिच्याशी चित्रावर बोलते, आगरीत. हे काय, ते काय, तुला काय वाटतं, पुढं काय होईल. त्यात धड्यातले चार-पाच नवे शब्द सहज घालते. मी गोणीवर शिकलो तसं, वस्तू आधी. रात्री सून तिला गोष्टीचं इंग्रजी पुस्तक वाचून दाखवते, नुसतं ऐकायला, प्रश्न न विचारता. कारण कानात गेल्याशिवाय तो आवाज डोळ्याला ओळखीचा होणार नाही. सुरुवातीला पोर इंग्रजीत एक शब्द बोलायची नाही, नुसती ऐकायची. मला वाटलं पाणी मुरत नाही. सून म्हणाली, मुरतंय, दिसत नाही.

आणि परीक्षा घ्यायला बायकोला बसवलं. हा खरा डाव. नात धडा वाचते आणि मग तो आजीला आगरीत सांगते. सुनेपुढं पोर चकवू शकते, दोन इंग्रजी शब्द टाकून वेळ मारून नेते. आजीपुढं ते चालत नाही. आजीला इंग्रजीचं एक अक्षर येत नाही, तिला गोष्ट पाहिजे. कोण, कुठं, कशाला, मंग काय झाला. पोर अडली की आजी म्हणते, "जा, परत वाचून ये." पोर परत पुस्तकात डोकं घालते. पूर्वी ती धडा एकदा वाचून पुस्तक मिटायची. आता एकच ओळ तीनदा वाचते, आणि तिचा वेग निम्म्यावर आलाय. शाळेतून निरोप आला की वाचनाचा वेग कमी झाला आहे, लक्ष द्यावे. सून जाऊन शांतपणे सांगून आली की आम्ही लक्ष देतोय म्हणूनच कमी झालाय.

दिवाळीनंतर मिठाचा धडा आला. समुद्राचं पाणी कप्प्यांत घेतात, उन्हानं ते आटतं, मीठ उरतं. पोरीनं वाचला आणि आजीला सांगायला बसली. आजीचं माहेर उरणकडचं, मिठागरावरचं. ती ऐकत होती, मग म्हणाली, "पानी कवा घेतान? रोजच्या भरतीला का उधानाला?" पोर पुस्तकाकडं वळली. एकदा वाचलं, दुसऱ्यांदा बोट ठेवून वाचलं. मग मान वर करून म्हणाली, "पुस्तकान नाय त्या. पुस्तकवाल्याला ठाव नसंल."

मी आतल्या आत उडालो. पुस्तकात काय आहे हे सांगणं ही एक पायरी, आणि पुस्तकात काय नाही हे सांगणं ही तिच्या वरची. धडा पुरता कळल्याशिवाय त्यातली उणीव दिसत नाही. चॉलबाईंच्या हिशेबात एकाच गोष्टीच्या दोन बाजू ताडून बघायची पायरी चौदाव्या वर्षानंतर येते म्हणे. नातीला ती आली असं मी म्हणत नाही. पण तिनं एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातात आजी धरली आणि दोघांचं वजन केलं. बी रुजलं असं म्हणायला हरकत नाही.

अजून पुष्कळ राहिलंय. विज्ञानाच्या पुस्तकातले काही शब्द असे आहेत की त्यांना आगरीत जोड नाही, पुस्तकी मराठीतही घरातल्या कुणाच्या ओळखीची नाही. तिथं आजी काही करू शकत नाही, सुनेलाच वस्तू दाखवून, करून दाखवून पुढं न्यावं लागतं. कधी पोर कंटाळते, पुस्तक आपटते. पण आता धडा कळला नाही तर तिला ते स्वतःला कळतं, आणि ती तसं सांगते. माझ्या मते वाचनाच्या सगळ्या शेरांत हा शेर मोठा.

माझ्या वयाच्या पुष्कळ माणसांना वाटतं, नातवंडं इंग्रजी शिकतात, आपलं तिथं काय काम. लांब बसून कौतुक करावं. मी त्यांना सांगतो, पोर वाचत असलं की जवळ जाऊन बसा. वाचून झालं की आपल्या भाषेत विचारा, काय झालं त्यात? ते कशामुळं झालं? तुला खरं वाटतं का? उत्तर आलं तर दाणा भरतोय. नाही आलं तर रागावू नका, पाणी कमी पडलंय एवढंच समजा, आणि परत वाचायला लावा. उच्चार बरोबर का चूक ते बघायला शाळा आहे. पोराला कळलं का हे बघायला मात्र इंग्रजी यावी लागत नाही, गोष्टीची भूक असावी लागते. ती आपल्याकडं भरपूर आहे.